दगडावरचं माहेर

जुन्या वास्तूंच्या यादीत येऊन घरापुढे नाव कोरलेला सरकारी दगड बसला, तर ऑकबुनच्या पदरात काय पडणार होतं? छप्पर दुरुस्त होणार, ते घराचं. छाती फुगणार, ती पोराची. तिला हवं होतं फक्त एक नाव: सोल्मे. तिचं माहेर. लग्नानंतर दोनच वर्षांनी ते धरणात गेलं; नकाशावर आता तिथे निळा रंग आहे. पण कोरियाच्या या भागात सुनेला तिच्या माहेरच्या गावाने ओळखतात आणि घराला सुनेच्या नावाने. ‘सोल्मेकरणीचं घर’ असं एकदा कोरलं गेलं, की बुडालेलं गाव कुठेतरी कोरड्यावर उभं राहणार होतं.

अडचण एवढीच, की ऑकबुन दुसरेपणाची. पहिली हानसिल गावची. याच पोराला, गीतेकला, जन्म देऊन आठवडाभरात गेली. जुन्या माणसांच्या तोंडी घर अजून हानसिलकरणीचंच होतं.

म्हणून वास्तू खात्याचे प्यो साहेब घराचं नाव विचारायला येणार त्या सकाळी ऑकबुन तांदळाच्या सारण भरलेल्या वड्या घेऊन म्हाताऱ्यांच्या बैठकीत हजर झाली.

“आज कसला सण गं?” नणंद मालसुनने विचारलं. वय ऐंशी, जीभ पंचविशीतली.

“सण कसला, वन्सं. पीठ उरलं होतं.”

“दोन परड्या भरून उरलं? खा रे बाबांनो! वहिनी नाव विकत घ्यायला आलीय.”

परड्या रिकाम्या झाल्या. प्योने विचारल्यावर निम्म्यांनी वडीला जागून सोल्मे सांगितलं, निम्म्यांनी सवयीने हानसिल. प्यो मालसुनकडे वळला. ऑकबुनने मान खाली घातली.

“माझ्या आईचं अंथरूण हिने नऊ वर्षं धुतलं,” मालसुन म्हणाली. “सोल्मे लिहा. आणि वड्यांत मीठ जास्त झालंय.”

कागदावर घरच्यांचा शिक्का तेवढा राहिला. त्यासाठी गीतेक सोलहून आला, प्यो साहेबांशेजारी ओसरीवर बसला, मसुदा वाचून हसला.

“बरोबर आहे. आईचंच नाव हवं.” मग शिक्का शोधता शोधता त्याने सहज विचारलं, “आई, हानसिल नक्की कुठे आलं गं?”

ऑकबुनने हातातला पेला खाली ठेवला. बसने दीड तासाची वाट. तिथे त्याची आजी होती, मामा होता. दोघांनी निरोप धाडले होते. पोर वाटणीला जाईल या धास्तीने तिने ते निरोप उंबऱ्यावरच विझवले. आता तिथे विचारायलाही कोणी उरलं नव्हतं.

“साहेब,” ती म्हणाली, “हानसिल लिहा.”

“अहो आजी, पण निम्मे लोक तर…”

“ते वड्या खाऊन बोलले. त्यांचं काय धरता?”

“आई, हे काय आता?” गीतेक उठलाच.

“शिक्का मार. घर तिच्या नावाने मांडलेलं. मी नंतर आले.”

दगड बसला त्या दिवशी मालसुनने अक्षरं वाचली आणि ती वहिनीच्या शेजारी येऊन उभी राहिली. गीतेक वाकून कोरलेल्या रेघांवरून बोट फिरवत राहिला. दर रविवारी येईन म्हणाला. हानसिलची वाटही त्याने प्योला विचारून घेतली.

दगड सरकारने दिला, छप्पर जिल्ह्याने. पोराला जन्म देणारीचा पत्ता मिळाला. सोल्मे खर्ची पडलं. ते दगडाच्या कुठल्याच बाजूला लिहिलेलं नाही.