सात नंबरच्या मचाणावरचे हिरवे कान

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. पण मला कानाला लावून गाणी ऐकायला जाल, तर पदरी निराशाच येईल. मी शिकाऱ्यांचा हेडफोन. बंदुकीचा बार झाला की कान गच्च झाकायचे आणि एरवी रानातला बारीकसा आवाजही मोठा करून आत पोचवायचा, असं माझं दुहेरी काम. आज माझा हिरवा रंग उडाला आहे, कानांना टेकणाऱ्या गाद्या कडक झाल्या आहेत आणि डावीकडचं बटण दोनदा दाबल्याशिवाय दाद देत नाही. तरी माझी कुणाबद्दल तक्रार नाही. ज्या बाईच्या डोक्यावर माझी उमेदीची वर्षं गेली, तिचे माझ्यावर फार उपकार आहेत.

माझा जन्म स्वीडनच्या दक्षिणेला एका कारखान्यात झाला. जोडणी झाल्यावर तिथल्या एका बाईने मला स्वतःच्या डोक्यावर चढवलं, जोरात टाळी वाजवली आणि मग टेबलावर एक टाचणी टाकली. टाळी मी अडवली, टाचणी ऐकवली. "हा पास," ती म्हणाली. आयुष्यातली ती पहिली शाबासकी. पुढे बरेच दिवस शाबासकीचं नाव नव्हतं.

मला विकत घेतलं मालिनने, सासूसाठी. तिची सासू एल्वी उत्तरेकडच्या एका रानातल्या गावात राहायची. वय अडुसष्ट. नवरा आर्विद गेल्यापासून सात नंबरचं मचाण ती सांभाळत होती. त्या गावात दर सप्टेंबरात मूसची शिकार सुरू होते. मूस म्हणजे घोड्याएवढं उंच हरीण. गावातली अकरा माणसं मिळून शिकार करतात, मांस सारखं वाटून घेतात आणि मचाण ज्याचं त्याचं ठरलेलं असतं. एकदा मचाण गेलं की माणसाची रवानगी मांस कापायच्या शेडमध्ये होते. तिथे काम काही कमी नसतं, पण रानातला माणूस म्हणून तुमचं नाव पुसलं जातं.

एल्वीचं नाव पुसायची वेळ आली होती. आदल्या हंगामात दोन मूस तिच्या पाठीमागून निघून गेले आणि तिला पत्ता लागला नाही. एकदा तर वॉकीटॉकीवर "शिकार संपली" असं तीनदा सांगितलं, तरी ती दोन तास मचाणावर बसून राहिली. तिचा धाकटा दीर हालवार हा टोळीचा प्रमुख. त्याने स्पष्टच सांगितलं, "वहिनी, राग मानू नका. हा एक हंगाम बघू. यंदाही असंच झालं तर पुढच्या वर्षी तुम्ही शेडमध्ये."

म्हणून मालिन शहरात गेली आणि मला घेऊन आली. सोबत एक नवं जाकीटही आणलं, वाऱ्यापावसाला दाद न देणारं.

एल्वीने खोका उघडून माझ्याकडे पाहिलं. "सून साड्या-दागिने आणते म्हणतात. माझ्या सुनेने कान आणलेत."

"साड्या कुठे नेसतात इथे, आई? घालून तर बघा."

खरं सांगायचं तर हे मी माझ्या मराठी मित्रांसाठी जरा फिरवून सांगितलं. एल्वी साडी नाही, लोकरी स्कार्फ म्हणाली होती. पण तिचा सूर मात्र तोच होता.

पहिली परीक्षा ऑगस्टमध्ये, नेमबाजीच्या मैदानावर. एल्वीने मला चढवलं आणि जागच्या जागी थबकली. वीस पावलांवर हालवार आणि रूने हळू आवाजात बोलत होते. रूने म्हणजे टोळीच्या कुत्रीचा मालक. तो म्हणत होता, "बिचारीला कशाला ताटकळत ठेवतोस? आत्ताच सांगून टाक ना." हालवार म्हणाला, "आर्विदची बायको आहे रे. जीभ रेटत नाही." कित्येक वर्षांत तिच्या पाठीमागचं बोलणं तिच्या कानांवर पडलं नव्हतं. ते मी पाडलं. फार वाईट वाटलं मला, पण माझा इलाज नव्हता. तिने मला उतरवलं नाही. चार गोळ्या झाडल्या आणि चारही लाकडी मूसच्या काळजात घातल्या.

हंगाम सुरू झाला तसं नव्या जाकिटाचं पितळ आधी उघडं पडलं. हात हलवला की ते असं खरखरायचं की माझ्यातून ऐकताना एल्वीला कुणीतरी शेजारी पत्रा ओढतंय असं वाटे. दुसऱ्याच दिवशी तिने आर्विदचा जुना लोकरी कोट बाहेर काढला. जाकीट घालून मालिन सरपण फोडायला लागली. म्हणजे ते काही वाया गेलं नाही.

आता त्या गावची एक रीत ऐका. शिकारीच्या पहिल्या सकाळी सगळे ओंडक्यांच्या ढिगापाशी जमतात. रूने त्याच्या कुत्रीला, टुस्साला, मोकळं सोडतो. टुस्साने मूस हेरून अडवला की ती एका जागी उभी राहून भुंकते. मग सगळे टोप्या काढून कान देतात, प्रमुख हात करून दिशा दाखवतो आणि बाकीचे माना डोलावतात. तेव्हा कुत्र्यांच्या गळ्यात ठिकाण दाखवणारी यंत्रं आली नव्हती. जे काही होतं ते कानच.

हालवारने पश्चिमेकडे बोट केलं. "दलदलीच्या पलीकडे." नऊ माना डोलल्या.

मी मात्र टुस्सा पूर्वेला ऐकत होतो. एल्वीही ऐकत होती. "ती तर तळ्याच्या मागे भुंकतेय," ती म्हणाली.

"वहिनींनी यंत्र उलटं घातलंय," रूने म्हणाला आणि सगळे हसले. सगळे पश्चिमेला गेले. दुपारी टुस्सा तळ्यामागून चिखलाने माखून, दमून परत आली. "वारा फिरला असेल," रूने म्हणाला. पुन्हा माना डोलल्या.

एल्वीची तेव्हा बाजू भक्कम होती, पण तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी ती घालवली. तिने माझा आवाज पूर्ण वाढवून ठेवला होता. मचाणामागे वाळक्या पानांत धाडधाड पावलं वाजली. तिने वॉकीटॉकीवर कुजबुजून सगळ्यांना सावध केलं, "सात नंबर. मोठं जनावर येतंय." अकरा माणसं श्वास रोखून बसली. पानांतून बाहेर आलं एक साळुंकीएवढं पाखरू, किडे उकरत. त्या दिवशी कॉफीच्या वेळी हालवारने विचारलं, "वहिनी, तुमच्या त्या मोठ्या जनावराला शिंगं होती का?" एल्वीही हसली. पण घरी आल्यावर तिने मला उचललं आणि तळघरात बटाट्याच्या पेटीत टाकून दिलं.

दोन आठवडे मी बटाट्यांत पडून होतो. माझ्या बॅटऱ्या संपल्या. जन्मभर ऐकण्याचं काम आणि भोवती काहीच ऐकू येत नाही, ही शिक्षा मी कुणाला देणार नाही. तेव्हाच मला कळलं की एल्वीची वर्षं कशी गेली असतील.

बटाटे आणायला आलेल्या मालिनच्या हाताला मी लागलो. ती मला घेऊन तरातरा वर गेली, माझ्यात नव्या बॅटऱ्या घातल्या आणि मला एल्वीपुढे धरलं.

"हे काय, आई?"

"कामाचं नाही ते. मुंगीचाही हत्ती करतं."

"मग आवाज कमी करा. शिकायला नको? तुम्हाला ऐकायचं आहे, पण ऐकू येत नाही हे कुणाला कळू द्यायचं नाहीये."

एल्वी रागावली. रागारागानेच जेवली. मग तिने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "चल अंगणात."

त्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. सप्टेंबरच्या अखेरीस शिकार काही दिवस थांबते, ते सगळे दिवस कारणी लागले. एल्वी स्टुलावर पाठ करून बसे. मालिन मागे फिरे. कधी पानांत बोटं नाचवी, कधी बूट घालून जड पाऊल टाके, कधी फांदी वाकवून सोडे. एल्वी ओळखी, चुके, पुन्हा ओळखी. हळूहळू तिच्या ध्यानात आलं की पाखरू नेहमी घाईत असतं. मूस दोन पावलं टाकतो आणि थांबतो. माझा आवाज किती ठेवायचा तेही ती शिकली. मालिनसारखी मास्तरीण मिळाली म्हणून मी तरलो, नाहीतर आजही बटाट्यांत असतो.

ऑक्टोबर उजाडला. पहिलं बर्फ पडलं. ठरवून दिलेल्या संख्येपैकी फक्त एक मोठं जनावर मारायचं राहिलं होतं. ते मिळालं की हंगाम संपणार होता आणि एल्वीच्या नावावर अजून काहीच नव्हतं. तिला ठाऊक होतं, संध्याकाळी हालवार पुढच्या वर्षीची यादी करणार.

दहाच्या सुमाराला वॉकीटॉकीवर रूनेचा आवाज आला. "सात नंबर, मादी तुमच्याकडे येतेय. एकटी आहे. पाडस नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय. वहिनी, आता तरी मनावर घ्या."

आणि ती आलीच. चाळीस पावलांवर, आडवी, स्थिर. एवढी सोपी शिकार एल्वीला दहा वर्षांत मिळाली नव्हती. तिने बंदूक खांद्याला लावली. तिच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती.

मादीने मान वळवून मागे पाहिलं. त्याच क्षणी मागच्या कोवळ्या सूचिपर्णी झाडांतून एक बारीक, चिरका, रडवेला आवाज आला. अगदी पुसट. मी तो अंगातली सगळी ताकद लावून आत पोचवला. त्यापलीकडे माझ्या हातात काहीच नव्हतं.

त्या रानाचा एक कडक नियम आहे. पाडस असलेल्या मादीला मारायचं नाही, कारण आईवाचून पाडस हिवाळा काढू शकत नाही. एल्वीने बंदूक खाली घेतली. मादी दोन पावलं टाकून थांबली, पुन्हा दोन पावलं टाकली आणि झाडांत शिरली.

"सात नंबर, बार का नाही झाला?" हालवारने विचारलं.

"पाडस आहे."

"कुणी पाहिलं?"

"मी ऐकलं."

वॉकीटॉकीवर कुणीतरी फिसकन हसलं. "त्या दिवशीच्या पाखराचं असेल," रूने म्हणाला.

हालवार सहा नंबरला होता. तो बर्फ तुडवत आला आणि धापा टाकत मचाणाची शिडी चढला. तो चांगलाच संतापला होता. "वहिनी, पुरे झालं आता. माझ्यावर जबाबदारी आहे. रूने डोळ्यांनी पाहून सांगतोय आणि तुम्ही..."

एल्वीने मला काढलं, त्याची टोपी उडवली आणि मला त्याच्या डोक्यावर बसवलं.

हालवार बोलायचा थांबला. झाडांत पाडस पुन्हा ओरडलं आणि आईने घशातल्या घशात त्याला उत्तर दिलं. मी दोन्ही आवाज त्याला दिले. फांदीवरचं बर्फ घसरलं, तेही दिलं. मग लांबून, टेकडीच्या पलीकडून, टुस्साचं भुंकणं आलं. हालवारचा हात आपोआप वर झाला आणि त्याने दिशा दाखवली. या वेळी ती बरोबर होती.

तो हात त्याने सावकाश खाली घेतला. मग म्हणाला, "मला वाटायचं, आताची कुत्रीच कमी भुंकतात."

"चाळीस वर्षं कान उघडे ठेवून बार काढलेत तुम्ही लोकांनी," एल्वी म्हणाली. "आर्विदचंही तेच झालं होतं. तो हसून मान हलवायचा. मी त्याला कधी विचारलं नाही."

हालवारने वॉकीटॉकी तोंडाजवळ नेली. "सगळ्यांनी ऐका. सात नंबरला मादी आणि पाडस आहे. कुणी बार काढायचा नाही. आज शिकार संपली." त्याने बटण सोडलं नाही. "आणखी एक. सात नंबर वहिनींचंच राहील. आणि मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली, मी नुसता हात दाखवतोय."

मी अजून हालवारच्याच डोक्यावर होतो, म्हणून पुढचं सगळं मी जवळून ऐकलं. आधी दोन नंबर म्हणाला, "मलाही येत नाही." मग नऊ नंबर म्हणाला, "मला डाव्या कानाने अजिबात नाही." मग पाच, मग दहा. अगदी शेवटी रूने आला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "दोन वर्षं झाली, माझ्या टुस्साचं भुंकणं मी ऐकलेलं नाही. हालवार, ते यंत्र मला जरा घालायला देशील?"

हालवार मचाणाच्या कठड्याला टेकून हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. एल्वीने त्याला डोळे पुसायला स्वतःचा रुमाल दिला.

त्या दुपारी मी अकरा डोक्यांवरून फिरलो. टुस्सा मध्ये उभी राहून भुंकत होती आणि मोठमोठी माणसं एकामागून एक मला घालून तिच्याकडे बघत होती. मित्रांनो, कारखान्यातल्या त्या टाचणीपासून सगळं आयुष्य मला त्या दुपारसाठी मिळालं होतं, असं मी मानतो. पुढच्या ऑगस्टात मैदानावर प्रत्येकाच्या डोक्यावर माझे भाऊबंद दिसले. त्यानंतर सोळा हंगाम मी एल्वीबरोबर सात नंबरवर काढले. तिने दर हिवाळ्यात माझ्या बॅटऱ्या आठवणीने काढून ठेवल्या, गाद्या पुसल्या, म्हणून तर आज तुमच्याशी बोलायला मी शिल्लक आहे.

यंत्रांची काळजी कशी घ्यायची ते त्यांच्या खोक्यावर छापलेलं असतं, ते मी सांगत बसत नाही. माझी विनंती वेगळीच आहे. तुमच्या घरात, शेजारी, कुणीतरी असेल जे हल्ली फारसं बोलत नाही आणि तुम्ही काहीही विचारलं तरी नुसतं गोड हसतं. आज घरी गेलात की त्यांच्या शेजारी बसा, तोंडाकडे तोंड करा आणि तेच पुन्हा एकदा, सावकाश विचारा. उत्तर मिळेपर्यंत उठू नका.