वन्संचा डोळा आणि यांचा प्रयोग

माझ्या वन्संना जन्मापासून दिसत नव्हतं. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करून त्यांनी धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, शिकवलं. हे आता कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतात. नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका डोळ्याचं ऑपरेशन करू, थोडंफार दिसेल. वन्सं रडल्या, मी रडले. यांचं मात्र भलतंच सुरू झालं.

"अगं, शेकडो वर्षांचा वाद आहे! चेंडू आणि ठोकळा ज्याला फक्त हाताने माहीत, त्याला उद्या दिसायला लागलं, तर नुसतं बघून सांगता येईल, कोणतं काय ते? ज्ञान अनुभवातूनच येत असेल तर नाही सांगता येणार. आणि उत्तर आपल्या घरात मिळणार!"

"आपल्या घरात तुमची बहीण आहे," मी म्हटलं. पण ऐकतंय कोण?

पट्टी काढायच्या दिवशी हे चेंडू-ठोकळा पिशवीत घालून हजर. पट्टी निघाली. वन्संनी डोळा किलकिला केला, दचकून मिटला, पुन्हा उघडला. "सगळं अंगावर येतंय गं," म्हणत माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात यांनी दोन्ही वस्तू त्यांच्यासमोर नाचवल्या.

"ताई, हात लावायचा नाही. चेंडू कोणता?"

वन्संचा मोकळा हात चाचपायला पुढे आला. कपाळावर घाम.

"नीट बघ ना!"

"अहो, श्वास तरी घेऊ द्या त्यांना!"

इतक्यात नर्स आत आली. "सर, उजव्या हातातला चेंडू आधी पिशवीत ठेवा. हा वॉर्ड आहे, मैदान नाही."

"सगळं मुसळ केरात!" हे ओरडले. "सांगून टाकलंत ना तुम्ही!"

"गप्प बस, बाळ्या!" वन्सं कडाडल्या. मग डोळा किलकिला करून इकडेतिकडे शोधू लागल्या. "मला तुझं तोंड बघायचं होतं रे. या सगळ्यात ते कुठंय?"

यांचे हात खाली आले. हे पुढे वाकले, बहिणीचा हात उचलून आपल्या गालावर ठेवला. "हे इथे, ताई."

वन्संनी नाक, भुवया, हनुवटी चाचपली. मग हात काढून बघितलं. परत चाचपलं.

आता रोज सकाळी हे त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसतात. कॉलेजला उशीर होतो, मी ओरडते, कुणाला काही पडलेली नाही. वन्संही वैतागलेल्याच असतात.

"हसू नकोस मेल्या," म्हणतात. "हसलास की दुसराच कुणीतरी होतोस."