पाच घड्यांचं बंडल

"चोवीस," नर्सताई म्हणाल्या.

डॉक्टरांचे हात मनगटापर्यंत पाववाल्याच्या पोटात होते. त्यांनी मान वर केली नाही. "पुन्हा मोजा."

ताईंनी जमिनीवरच्या प्लास्टिकवर पडलेल्या रक्ताळलेल्या गॉजच्या घड्या चिमट्याने एकेक करून पुन्हा मोजल्या. बंडलं पाच उघडली होती, प्रत्येकात पाच घड्या. पंचवीस भरायला हव्या होत्या.

"चोवीसच."

शाळेच्या या तळघरात चार महिने ऑपरेशनं चालली होती. आज सकाळी पाव द्यायला आलेल्या माणसाला फाटकातच तोफगोळ्याचा तुकडा लागला. यकृताची जखम शिवून झाली होती, फक्त पोट बंद करायचं राहिलं होतं. एक वाजेपर्यंत तोफांचा मारा थांबवायचं ठरलं होतं. तेवढ्या वेळात त्याला पुलापलीकडच्या मोठ्या इस्पितळात पोहोचवायचं होतं. घड्याळात साडेबारा झाले होते.

"प्रेशर सत्तर," भूल देणारा म्हणाला. त्याला सगळे झोपेवाला म्हणत, कारण तो दोन-दोन दिवस झोपत नसे. "रक्ताची शेवटची पिशवी लावलीय. शिवून टाका, डॉक्टर. एका बंडलात चारच असतील."

"तिच्या बंडलात चार नसतात."

बंडलं डॉक्टरांच्या बायकोने बांधलेली होती. पाच घड्या, पांढरा दोरा, दोन गाठी. बंडलातली एक जरी घडी इकडेतिकडे गेली, तर अख्खं बंडल ऑपरेशनच्या पेटीतून बाद, हा तिचा नियम. एकदा झोपेवाल्याने चष्मा पुसायला एक घेतली, तर तिने आठवडाभर त्याचा चहा बंद केला होता. नऊ दिवसांपूर्वी पाण्याच्या टाकीजवळ गोळा पडला आणि ती गेली.

डॉक्टरांनी यकृताच्या वर हात घातला, मग प्लीहेमागे, मग आतड्यांमधून खाली. रक्ताने चिंब झालेली गॉज हाताला आतड्यासारखीच लागते.

"आत राहिली तर आठवड्यात पोटात पू होईल," ते म्हणाले.

"असेच शोधत बसलात तर तो आठवडा बघायला उरणार नाही. पासष्ट."

ड्रायव्हर दारातून डोकावला. "वीस मिनिटं उरली हो. पूल काही माझ्या काकाचा नाही, आपल्यासाठी थांबायला!"

डॉक्टर शोधतच राहिले. आपण पाववाल्यासाठी शोधतोय की तिच्यासाठी, हे त्यांचं त्यांनाच कळेना. कपाळावरचा घाम भुवईत उतरला. तो पुसायचं ताईंना भान राहिलं नाही.

"साठ," झोपेवाला म्हणाला. आता त्याचा आवाज चढला होता. "डॉक्टर!"

"दोरे मोजा, ताई. बंडलं खरंच पाच उघडलीत का?"

बंडल उघडलं की त्याचा दोरा भिंतीतल्या खिळ्याला अडकवायचा, हीही तिचीच शिस्त. ताई वळल्या. खिळ्याला चार पांढरे दोरे होते. पाचवा दोरा नव्हताच, बँडेजच्या काठाची फाडलेली पट्टी होती. ताईंच्या हातातून चिमटा पडला.

"ही गाठ माझी आहे."

"म्हणजे?"

"वहिनींना आणलं त्या दिवशी त्यांचे डोळे मिटेनात. हाताला लागलं ते बंडल सोडलं. एक घडी ओली करून डोळ्यांवर ठेवली, ती त्यांच्याबरोबरच गेली. उरलेल्या चार मीच बांधल्या. बाजूला टाकायचं राहिलं, डॉक्टर. बाकीच्यांबरोबर वाफवून पेटीत गेलं असणार."

डॉक्टरांचे हात थांबले. ती घडी त्यांनी पाहिली होती. उचलून बघायचा धीर झाला नव्हता.

"सुई," ते म्हणाले.

ते पोट शिवू लागले. झोपेवाला मधूनमधून आकडा सांगत होता. साठ. साठ. बासष्ट. एक वाजायला आठ मिनिटं कमी असताना स्ट्रेचर गाडीत चढलं. झोपेवाला पिशवी उंच धरून पाववाल्याशेजारी बसला.

तळघरात दोघंच उरले. वॉकी-टॉकी टेबलावर खरखरत होता. ताई फरशी पुसत होत्या, पुसलेलीच पुन्हा पुसत होत्या. एक वाजून गेला. वर कुठेतरी पहिला गोळा पडला आणि छताची माती सांडली. मग ड्रायव्हरचा आवाज आला, "पलीकडे पोहोचलो. श्वास चालू आहे. प्रेशर सत्तर म्हणतोय."

ताईंनी फडकं खाली ठेवलं. "मला काहीतरी बोला, डॉक्टर. असं गप्प राहू नका."

डॉक्टरांनी खिळ्यावरची पट्टी काढली, बोटाला गुंडाळली आणि खिशात ठेवली.

"आठवडाभर चहा बंद," ते म्हणाले. "तुमचाही आणि माझाही."