ढोलेवाडीचा लाल डाग

बाटली आडवी केली तरी आत बुडबुडा फिरला नाही. सुनीतीने ती उलटी धरली, सरळ केली, पुन्हा आडवी केली. शंभर मिलिलिटरची बाटली, आत ढोलेवाडीचा पाऊस, अगदी गळ्यापर्यंत. चिठ्ठीवर लिहिलं होतं : पाऊस चार मिलिमीटर. संस्थेने दिलेल्या नरसाळ्यातून तेवढ्या पावसात जेमतेम अर्धी बाटली भरते.

ही जुलैतली गोष्ट. आता २००३चा डिसेंबर चालू होता आणि सुनीतीने अजून कुणाला काही विचारलं नव्हतं. विभागप्रमुख श्रीधर सरांना प्रश्न विचारला, की प्रश्न कसा विचारू नये यावर आधी व्याख्यान मिळे.

शिवाय पावसाच्या पाण्याचा नकाशा देखणा झाला होता. पाण्याचे काही रेणू किंचित जड असतात. ऊन लागलं की हलके आधी उडून जातात, जड मागे राहतात. जड रेणू जास्त असलेल्या पावसाला नकाशावर लाल रंग, हलक्याला निळा. साऱ्या माणदेशातून नमुने पाठवणारी गावं पाच. मधली जागा तिचा सहकारी आमोद याचा प्रोग्रॅम अंदाजाने रंगवायचा. ढोलेवाडीभोवती टम्म लाल डाग उमटला. कोरड्या हवेतून पडता पडताच थेंब आटतात, असा सिद्धांत सरांनी त्यावर मांडला. संस्थेच्या नव्या कॅलेंडरवर तो डाग छापूनही झाला. त्यावरच्या शोधनिबंधावर पहिलं नाव सुनीतीचं होतं, आणि मार्चमध्ये संपणारी तिची नेमणूक त्या निबंधावरच कायम व्हायची होती.

"शेजवान सॉस सांडलाय," आमोद म्हणायचा. तो महिनाअखेरीला नोकरी सोडून हिंजवडीला निघाला होता. "पाच ठिपक्यांवर अख्खा माणदेश रंगवलाय आपण. माझ्या नव्या कंपनीत याला डेमो म्हणतात."

परदेशातल्या परिषदेला निबंध पाठवायच्या दिवशी सकाळीच ढोलेवाडीच्या शाळेतले संभाजी गुरुजी पावसाळ्यातल्या उरलेल्या बाटल्या घेऊन आले. सर खूश झाले.

"या, या! तुमच्या गावामुळे आम्ही परदेशी चाललोय, गुरुजी."

"आमच्या गावाला यष्टी येत न्हाई, आणि तुम्ही परदेशी!" गुरुजींनी पिशवी टेबलावर ठेवली. सगळ्या बाटल्या गच्च भरलेल्या. सुनीतीने त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"गुरुजी, यंदा तुमच्याकडे पाऊस नव्हता. मग बाटल्या भरल्या कशा?"

"भरत्यात कुठल्या, मॅडम! निम्म्याच व्हायच्या. पण तुमची सूचना हाय ना."

त्यांनी एक बाटली फिरवून दाखवली. लेबलवर सरांची भाषा लख्ख ओळखू येत होती : 'बाटली गळ्यापर्यंत भरावी. अर्धवट भरलेल्या बाटल्या स्वीकारल्या जाणार नाहीत. सबबी सांगू नयेत.'

"मग?" सुनीतीने विचारलं.

"मग काय, टँकर आला की वरनं लावायची धार. पाणी तळ्याचं, पण गाळून घेतलं हं."

म्हणजे उन्हाळाभर उघड्यावर आटलेलं पाणी. लाल होणारच. आमोद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"सूचना आत हवा राहू नये म्हणून होती," सर म्हणाले. "लहान पाऊस लहान बाटलीत घ्यायचा, हे ज्याला त्याला कळायला हवं. भाषा तर स्वच्छ आहे."

"स्वच्छच हाय. म्हणून तर पाळली," गुरुजी म्हणाले आणि बशीत चहा ओतू लागले.

सरांनी चष्मा पुसला. "शास्त्रीयदृष्ट्या पाहिलं, तर टँकरमध्ये काय असतं? शेवटी पाऊसच ना?"

"मग आमच्या सदाशिव पेठेतलाही घ्या, सर," आमोद भिंतीकडूनच म्हणाला. "नळाला रोज सकाळी पडतो."

"तू गप्प बस. तू चाललायस." सर सुनीतीकडे वळले. "हे बघ, कॅलेंडर छापून झालंय. ढोलेवाडी वगळली तर उरतात चार ठिपके. चारावर नकाशा उभा राहत नाही. आणि तुझं ते मार्चचं आहेच."

सुनीतीने टेबलावरची बाटली उचलून आडवी धरली. बुडबुडा नव्हता. जुलैपासून मनात घोळवलेलं वाक्य तिने एकदा तपासून घेतलं. त्यात बदलण्यासारखं काही सापडलं नाही.

"ढोलेवाडी मी वगळतेय, सर," ती म्हणाली. "निबंध जाणार नाही."