नखपालिशची रेघ

“चाचा, खदानीतून गाडी निघाली. लाल हाय,” खदानीशेजारच्या शेतातला शेषेराव दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाला.

पाशामियाँनी शिलाई मशीनमध्ये तेल सोडायला झारी वाकवली होती, ती तशीच वाकलेली राहिली. तेल फळीवर पसरलं आणि तिथून त्यांच्या पायजम्यावर ठिबकायला लागलं. पाशामियाँनी तेलाचा एक थेंब वाया घालवलेला देगलूरच्या एकाही शिंप्याने कधी पाहिला नसेल.

“कंची गाडी?” त्यांनी विचारलं. नुसतं विचारायचं म्हणून.

“दोन सीटाची, बसकी. रोडच्या कामावाले आठ दिवस झाले पानी उपसून राहिले व्हते. परवा टप दिसला. काल जेसीबीनं वर घेतली. आत मानूस व्हता, चाचा. म्हंजे, हाडं. ती पोलिसानं नांदेडला नेली. गाडी उद्या जानार. तुमी त्या हीरोच्या गाडीचं काम करत व्हते म्हन्तात, म्हून सांगाया आलो.”

“नाना, तेल!” आतून अर्शिया ओरडली. ही त्यांची नात. नांदेडला पॉलिटेक्निकला होती आणि सुट्टीत आजोबांच्या दुकानात बसून दिवसभर मोबाइल बघत असे.

पाशामियाँनी झारी ठेवली. खालचा खण उघडून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि खिशात टाकलं.

“बेटा, स्कूटी काढ.”

“आज जुम्मा हाय, नाना. नमाज?”

“काढ म्हनलं ना.”

अर्शिया बघतच राहिली. मुडदूस झाल्यागत अंग सुकलं होतं तेव्हाही, टायफॉइडच्या तापात, दोघांच्या खांद्यावर हात टाकून या माणसाने जुम्मा गाठला होता. तिने मुकाट्याने किल्ली घेतली.

गोष्ट चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची. मृत्युंजयबाबू म्हणजे हैदराबादचा मोठा हीरो. पडद्यावर दहा गुंडांना लोळवायचा, पण खरा जीव अडकलेला गाड्यांच्या शर्यतीत. शूटिंग चुकवील, मुहूर्त चुकवील, पण शर्यत चुकवणार नाही. निर्माते कपाळाला हात लावून बसायचे. त्याने कुणा नवाबाच्या जावयाकडून एक इटालियन गाडी घेतली आणि त्या गाडीसाठी गॅरेजातून एक पोरगेला मेकॅनिक उचलला, तो देगलूरचा पाशा. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून हा पाशा दुखणं सांगायचा. “तेरा कान, मेरा पैर,” बाबू म्हणायचा, “तिसऱ्या कुणाची गरज नाही.”

पाशाची कामाची एक रीत होती. नट आवळला की त्यावर दिलशादच्या, म्हणजे बायकोच्या, लाल नखपालिशने एक बारीक रेघ मारायची, अर्धी नटावर आणि अर्धी खालच्या लोखंडावर. नट जरा जरी ढळला तरी रेघ तुटलेली दिसते. रेघ केसाएवढी असायची, कारण पालिश जास्त घेतलं की दिलशाद घर डोक्यावर घ्यायची. रेघ मारून झाली की पाना पेटीत जायचा आणि पेटी बंद. त्यात कधी फरक नाही.

दिलशाद बाळंत झाली, आलिया, म्हणजे अर्शियाची आई, जन्मली, म्हणून पाशा देगलूरला आला होता. रविवारी शर्यत होती आणि ब्रेक जरा दबून राहत होता, तर हा हीरो स्वतः गाडी घेऊन गल्लीत हजर! बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं गच्चीवर चढली. पाशाने ओसरीपुढे गाडीखाली आडवं पडून काम केलं. शुक्रवार होता. अजान झाली. “साहेब, आलोच,” म्हणून तो हात धुऊन मशिदीत पळाला.

सजद्यात कपाळ टेकलं तेव्हा कुर्त्याच्या खिशातलं काहीतरी बरगडीला टोचलं. तो अकराचा पाना होता.

पाना खिशात म्हणजे काम अर्धवट. ब्रेकच्या पाइपाचा नट आवळला की नाही, काही केल्या आठवेना. उठून धावता आलं असतं. पण नमाज मध्येच कशी तोडायची, लोक काय म्हणतील, या विचारात त्याने ती पूर्ण केली. धापा टाकत घरी आला तेव्हा ओसरीपुढे गाडी नव्हती. पोरं म्हणाली, हीरो बिलोलीच्या रस्त्याला चक्कर मारायला गेला.

तो गेला तो गेलाच. पोलीस आले, पेपरवाले आले. कुणी म्हणालं दुबईला पळाला, कुणी म्हणालं बाईचा नाद. तुडुंब भरलेल्या खदानीत बघावं असं कुणालाच सुचलं नाही. बाबूची म्हातारी आई हैदराबादहून आली आणि तिने पाशाला एकच विचारलं, “ब्रेक बरोबर होते ना रे, बाळा?” पाशाने मान हलवली. पोलिसांनाही तेच सांगितलं. त्यानंतर त्याने गाडीला हात लावला नाही. शिलाई मशिनीने कुणी मरत नाही, म्हणून त्या दुरुस्त करायचा धंदा धरला.

आणि एक गोष्ट त्याने फक्त दिलशादला सांगितली होती. दर शुक्रवारी, नमाज सुटल्यावर, बिलोलीच्या बाजूने ती गाडी यायची. दिसायची नाही, ऐकू यायची. दुसरा गिअर, तिसरा गिअर, मग वळण. त्या वळणावर ब्रेक लागायला हवा. पाशामियाँ श्वास धरून उभे राहायचे. ब्रेकचा आवाज कधीच यायचा नाही, सगळं एकदम शांत व्हायचं. दिलशादने ताविज बांधला, दर्ग्यात चादर चढवली. गाडी येतच राहिली. सहा वर्षांपूर्वी दिलशाद गेली, त्या शुक्रवारीसुद्धा आली.

खदानीपाशी पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. मे महिन्याच्या उन्हात पाखरूसुद्धा हलत नव्हतं. बांधावरच्या बाभळीखाली, दगडांच्या टेकूवर ती गाडी उभी होती. लाल रंग कुठे कुठे होता, बाकी गाळाची वाळलेली कातडी. शेजारच्या लिंबाखाली एक हवालदार टोपी तोंडावर घेऊन राखण करत होता.

शेषेरावची बायको सिंधु पाणी घेऊन आली. “मी लग्न होऊन आल्यापून या खदानीत धुनं न्हाई धुतलं,” ती गाडीकडे न बघता म्हणाली. “भर दुपारी खालून दोन डोळे बघायचे. सासूबाई म्हनायच्या, येडी हायस. आता बगा.”

अर्शियाने पुढच्या दिव्याकडे बघितलं आणि नानांचा हात घट्ट धरला. एका दिव्याच्या काचेत अजून पाणी होतं आणि त्यात बोटाएवढा मासा गोल गोल फिरत होता.

“म्होरचं टायर फुटलंय, चाचा,” शेषेराव म्हणाला. “पंचनाम्यात तेच लिवलं.”

पाशामियाँना टायर बघायचं नव्हतं. त्यांनी रॉकेल मागितलं, फडकं घेतलं आणि बहात्तराव्या वर्षी त्या गाडीखाली पाठीवर आडवे झाले. अर्शिया मोबाइलची बॅटरी धरून शेजारी वाकली. हात चव्वेचाळीस वर्षांनी त्या जागी गेला, पण वाट चुकला नाही. गाळाच्या आत ग्रीसचा काळा थर होता आणि त्याच्या आत नट. त्यांनी खिशातलं फडकं उलगडून तोच अकराचा पाना काढला, बसवला आणि जोर लावला.

नट हलला नाही.

“नाना, गंज चढलाय,” अर्शिया हळूच म्हणाली. “ढिला असता तरी आता हलला नसता. त्यावरून काय कळनार?”

पोरगी खरं बोलत होती, आणि नेमकं तेच त्यांना ऐकवत नव्हतं. दूर गावात अजान सुरू झाली. त्यांनी फडक्याला रॉकेल लावलं आणि ग्रीस पुसायला घेतलं. हळूहळू, बाळाचं तोंड पुसावं तसं.

आत लाल होतं.

पाशामियाँनी बॅटरीचा उजेड जवळ घेतला. रेघ होती, तुटली नव्हती. पण ती केसाएवढी नव्हती. बोटभर जाड, वेडीवाकडी, ओघळलेली, आणि ओली असताना कुणाचा तरी अंगठा तिच्यावर टेकलेला. अंगठ्याच्या रेषा जशाच्या तशा उमटल्या होत्या.

“ही माझी न्हाई,” ते म्हणाले. “बेटा, समोरचा कप्पा उघड. बघ आत काय हाय.”

कप्पा उघडायला शेषेरावला पहार लावावी लागली. आत गाळ निघाला, गाडीबरोबर मिळणारे पाने निघाले आणि त्यात एक काचेची बाटली. अंगठ्याएवढी. अर्शियाने ती ओढणीला पुसून गाडीखाली धरली.

दिलशाद मरेपर्यंत म्हणत होती की त्या दिवशी खिडकीतली नखपालिशची बाटली नणंदेनेच उचलली. त्यापायी नणंद-भावजयी नऊ वर्षं बोलल्या नव्हत्या.

पाशामियाँ गाडीखालीच रडायला लागले. तोंडावर हात न घेता, पोरासारखे. “मी ढिला सोडला व्हता,” ते म्हणाले. “साहेबांनी बघितलं. सोता आवळला. आन् मी करतो तसं, खिडकीतून पालिश घेऊन... मला बोलले न्हाई, काही न्हाई. चव्वेचाळीस साल मी त्यांना मारून राहिलो, बेटा, आन् त्यांनी तर माजं काम पुरं केलं व्हतं.”

वर आल्यावर ते सरळ हवालदाराकडे गेले. “साहेब, लिहून घ्या. ब्रेकचा नट मी ढिला सोडला व्हता. तवा मी खोटं बोललो.”

हवालदाराने टोपी सरकवली. “अहो चाचा, टायर फुटलंय. पंचनामा झाला. तुमचं आता कशाला?”

“तरी लिहा. नट त्यांनी आवळला, हे बी लिहा.”

ते हलेनातच, तेव्हा त्याने सुस्कारा सोडून एक कोरा कागद काढला. पाशामियाँनी खाली सही केली. बाटली त्यांनी होती तिथे, कप्प्यात, ठेवली आणि आपला पानाही तिच्याशेजारी ठेवून दिला.

परतीला रस्ता रिकामा होता. डांबर उन्हात वितळल्यासारखं दिसत होतं. देगलूर जवळ आलं आणि वळणाच्या थोडं अलीकडे अर्शियाने आरशात बघितलं, मग मागे वळून बघितलं आणि स्कूटी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवली.

“काय झालं?” पाशामियाँनी विचारलं.

“मागून गाडी येऊन राहिली ना, नाना. लई जोरात. जाऊ द्या तिला.”

पाशामियाँ स्कूटीवरून उतरले. त्यांनी टोपी नीट केली आणि जुन्या दिवसांत गॅरेजच्या दारात उभे राहायचे तसे उभे राहिले. दुसरा गिअर. तिसरा. गरम वारा अंगावरून गेला आणि धुरळा उडाला. रस्त्यावर काहीच नव्हतं.

मग वळणावर ब्रेक लागला. एकदम साफ.

त्यांनी कपाळाला हात लावून सलाम केला.