कानबाईनं नेसलेली साडी परत होते का

शहाद्याला इंदरमल सेठचं साड्यांचं दुकान आहे. तिथली एक मोरपंखी साडी आमच्या कळसाडीच्या बायकांनी इतक्यांदा नेली आणि इतक्यांदा परत केली, की शेवटी तिला रस्ता पाठ झाला. एष्टीत एकटीच बसायची. कंडक्टर तिला अर्धं तिकीट द्यायचा. कोणाला खोटं वाटत असेल त्यानं त्या कंडक्टरला विचारावं. तो आता रिटायर झालाय आणि त्याला ऐकू येत नाही, पण विचारावं.

यात बायकांची काही चूक नाही. सवय सेठनंच लावली. लग्नाचा बस्ता घ्यायला गेलं की सेठ चहा पाजायचा आणि म्हणायचा, इथं कशाला ठरवता, घरी न्या, सासूला दाखवा, नणंदेला दाखवा, आवडेल ते ठेवा आणि उरेल ते आणून द्या. मग जुन्या धोतरात गठ्ठा बांधायचा आणि आम्ही तो डोक्यावर घेऊन घरी. आता एवढ्या साड्या घरात आल्यावर कोणी नुसतं बघत बसतं का? लग्न उरकायचं, फोटो काढायचे आणि घडी घालून परत. माझी धाकटी जाऊ प्रमिलाबाई या कामात सगळ्यांच्या पुढे. एकदा तिच्या पदराला हळद लागलेली होती. ती सेठला म्हणाली, हे डिझाईन आहे, दुसऱ्या टोकाला काढायचं कारखानेवाला विसरला. सेठनं सगळी साडी उलगडून दुसरं टोक शोधलं आणि कारखान्याच्या वतीनं माफी मागितली.

मागच्या हिवाळ्यात सेठच्या महावीरचं लग्न झालं. सून आली राजस्थानातल्या पालीकडची, रिंकू नावाची. महावीर सुरतला कापड मार्केटात. त्याच्या मनात असं की शहाद्याचं दुकान मोबाईलवाल्याला भाड्यानं द्यायचं आणि सगळ्यांनी सुरतेला जायचं. रिंकूला ते नको होतं. सुरतेच्या फ्लॅटमध्ये ती महिनाभर राहून आली होती. तिथं दिवसभर दार लावून बसायचं, आणि दाराची बेल वाजली तर ती शेजारच्यांची असायची. इथं गल्ल्यावर बसलं की माणसं दिसतात. तिनं सासऱ्याला विचारलं, दुकान मी चालवू का? सेठ म्हणाला, दिवाळीपर्यंत चालव. हा परत येणारा माल तू थांबवलास तर गल्ला तुझा, नाही थांबवलास तर कुलूप आणि सुरत. हे सगळं रिंकूनंच मला सांगितलं, ब्लाऊजपीस फाडता फाडता. मला सगळे सांगतात. माझ्या पोटात काही राहत नाही हे माहीत असूनसुद्धा सांगतात.

तर तिनं पाटी लावली. बिलाशिवाय माल परत नाही, सात दिवसांनंतर परत नाही, वापरलेला माल परत नाही. धोतरातला गठ्ठा बंद. बायकांनी पाटी वाचली, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी ऐकली, आणि सगळ्या बघत बसल्या की आता प्रमिलाबाई काय करते.

श्रावणात कानबाई आली. आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसवतात. नारळाला देवीचं रूप देतात, नथ घालतात, नवी साडी नेसवतात, गाणी म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन. प्रमिलाबाईनं कानबाईसाठी रिंकूच्याच दुकानातून पोपटी साडी नेली. बिल घेतलं. लेबल काढलं नाही, आत खोचलं. विसर्जन झालं आणि मंगळवारी मला म्हणाली, बाई, चला ना शहाद्याला, जरा काम शे. मी कशाला नाही म्हणू? तिचं काम म्हणजे आमचा तमाशा.

दुकानात तिनं साडी काढली, बिल काढलं, लेबल दाखवलं. रिंकूनं सगळं नीट तपासलं आणि विचारलं, वापरली आहे का? प्रमिलाबाई म्हणाली, मी अंगाला लावलेली नाही. मग कोणी? तर म्हणे कानबाईनं.

आता रिंकूचा हा पहिला श्रावण. तिला काय माहीत? तिला वाटलं ही कोणी प्रमिलाबाईच्या घरातली म्हातारी असेल. तिनं अगदी आदरानं विचारलं, त्यांना का नाही आवडली? प्रमिलाबाई म्हणाली, त्यांना आवडली, मलाच रंग शोभत नाही, नेसले तर गिलक्यासारखी हिरवीगार दिसेन. रिंकू म्हणाली, मग त्यांनाच ठेवू द्या की, त्या घरी आहेत ना?

"त्या काल सकाळेच गयात," प्रमिलाबाई म्हणाली. "नदीवर विसर्जन व्हयनं."

रिंकूनं पटकन डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. तोंड उतरलं बिचारीचं. वय काय होतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, वयाचं काही सांगता येत नाही, माझ्या आजेसासूच्या आधीपासून येते. दरवर्षी येते, एक रात्र राहते आणि जाते. पोरीनं माझ्याकडे बघितलं, प्रमिलाबाईकडे बघितलं, मग साडीकडे बघितलं आणि साडीवरचा हात हळूच काढून घेतला.

तेवढ्यात मागच्या खोलीतून इंदरमल सेठ आला. तो जन्मापासून शहाद्याचा. त्यानं सगळं ऐकलं आणि सुनेला समजावलं की ही माणूस नाही, देवी आहे. रिंकूला बरं वाटलं. पण सेठ मात्र साडीसमोर उभा राहिला आणि त्यालाच घाम फुटला.

"बिंदणी, यामा मोठी पंचाईत शे," तो सुनेला म्हणाला. "वापरेल शे म्हनो, तर देवीनं नेसेल कपडा आपन जुना ठराया. नही वापरेल म्हनो, तर देवी यासना घर उनीच नही."

हे ऐकल्यावर प्रमिलाबाईसुद्धा अडकली. ती आतापर्यंत वापरली नाही, वापरली नाही म्हणत होती. आता पुन्हा म्हटलं तर तिच्याच घरी कानबाई आली नाही असं दुकानभर होणार, आणि दुकानात तेव्हा कळसाडीच्या दोघी बसलेल्या होत्या. पण वापरली म्हटलं तर पाटी आडवी येते. ती तोंड उघडायची आणि मिटायची.

मला हे बघवेना. म्हणजे मजा येत होती, पण पुढं सरकत नव्हतं. म्हणून मी सेठला माझ्या माहेरची गोष्ट सांगितली. धानोऱ्याला एका दुकानदारानं अशीच कानबाईची साडी परत घेतली आणि थप्पीत घातली. सकाळी दुकान उघडलं, तर सगळ्या साड्या पोपटी. लाल होती ती पोपटी, निळी होती ती पोपटी, धोतरंसुद्धा पोपटी. त्या हंगामात धानोऱ्यात लग्न लागलं तेव्हा नवरी, करवली, विहीण, आत्या, सगळ्या एकाच रंगात. नवरदेवानं चुकून आत्याच्या गळ्यात माळ घातली. ती आत्या आता नवापूरकडे चिंचपाड्याला सुखानं नांदते.

रिंकू हसली. सेठ हसला नाही. त्यानं ती साडी थप्पीत ठेवायला मनाई केली. परत घेतली असंही म्हणायचं नाही, नाही घेतली असंही म्हणायचं नाही. खुर्चीवर स्वच्छ कापड टाकून साडी त्यावर ठेवली आणि म्हणाला, बाजाराच्या दिवशी बघू. प्रमिलाबाईनं पैसे मागितले तर म्हणाला, कशाचे? ती म्हणाली, साडीचे. तो म्हणाला, साडी तर अजून परत झालेली नाही. मग मी घरी नेऊ का? तर म्हणे, देवीची वस्तू दुकानात बसवलीय, आता कशी उचलणार? आम्ही तशाच परत आलो. एष्टीत प्रमिलाबाई बोललीच नाही.

मी मात्र बोलले. गावात कोणी विचारलं की मी खरं तेच सांगायची, की सेठनं कानबाईची साडी ठेवून घेतली. एवढंच. बायकांनी त्याचा काय अर्थ काढायचा हा त्यांचा प्रश्न.

बाजाराच्या दिवशी इंदरमल सेठचं दुकान इतकं भरलं की रस्त्यावरचा भाजीवाला आत ढकलला गेला आणि त्यानं तिथंच दुकान मांडलं. प्रत्येकीच्या हातात पिशवी. सगळ्यांच्या साड्या कानबाईनं नेसलेल्या. जांभळी, नारिंगी, जरीची, एक तर धुतलेली. एका घरात देवीनं एका रात्रीत इतक्या साड्या बदलल्या होत्या की गाणी म्हणायला तिला वेळ मिळाला नसणार. आमच्या गल्लीतला हिलाल पँट घेऊन आला. म्हणाला, कानबाईसोबत कन्हेरदेव बसवतो ना आम्ही, त्यानं घातली, कमरेत घट्ट होते.

सेठ कोणाला नाही म्हणू शकेना आणि हो म्हणू शकेना. खुर्च्या संपल्या. गादीवर साड्या, शिलाई मशीनवर साड्या, आणि पँट पंख्याच्या बटणाला टांगलेली. शेवटी त्यानं रिंकूला बाजूला बोलावलं. मी जवळच होते, म्हणून ऐकू आलं. तो म्हणाला, पोरी, तुझ्याकडून कमी नाही झालं काही, पण हे आता थांबत नाही. मी रात्री महावीरला फोन करतो, मोबाईलवाल्याला हो सांगायला. रिंकू गल्ल्याची कडा धरून उभी राहिली. तिला बघून पहिल्यांदा मला वाटलं की मी गावात जरा कमी खरं बोलायला हवं होतं.

दुपार झाली. बायका हलायला तयार नव्हत्या. भूक लागली तशी सगळ्यांनी डबे काढले. कानबाईच्या प्रसादाचे जाडजूड रोट अजून घरोघरी होते, तेच बांधून आणलेले. सगळ्या भिंतीकडे तोंड करून, रिंकूकडे पाठ करून खायला बसल्या. बिचारी सकाळपासून उपाशी. ती मला हळूच म्हणाली, मावशी, माझ्यावर एवढा राग आहे का, की तुकडाही विचारत नाहीत?

मी म्हटलं, राग नाही गं. कानबाईचे रोट भाऊबंदकीतच खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत. लेक लग्न होऊन गेली तर तिलासुद्धा देत नाहीत. मी सांगितलं ते अगदी खरं होतं, आणि मला वाटतं त्या दिवसातलं तेवढंच.

रिंकूनं भिंतीकडच्या सगळ्या पाठींवरून नजर फिरवली. मग पुढं आली आणि प्रमिलाबाईसमोर खाली बसली.

"मावशी, मी बाहेरची. देवीचा रोट मला देत नाही," ती म्हणाली. "मग देवीची साडी कशी देता?"

दुकानात चावण्याचा आवाज थांबला. सेठनं मान वर केली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आतापर्यंत सगळ्यांनी वापरली की नाही वापरली एवढंच धरलं होतं, आणि ही वेगळंच काही विचारत होती. नारिंगीवालीनं आपली साडी हळूच ओढून पिशवीत घातली. मग धुतलेलीवालीनं. हिलालनं बटणावरची पँट ओढली, तसा पंखा सुरू झाला आणि सेठच्या पावत्या उडाल्या. बघता बघता गादी मोकळी. भाऊबंदकीतली वस्तू परक्याच्या दुकानात ठेवली हे उद्या भाऊबंदांना कळलं तर काय, या भीतीनं बायका अशा निघाल्या की दोघींनी एकमेकींच्या साड्या नेल्या.

राहिली एक पोपटी साडी आणि प्रमिलाबाई. ती हार मानणारी बाई नाही. तिनं हातातल्या रोटाचा तुकडा मोडला आणि रिंकूच्या पुढं धरला.

"खाय," ती म्हणाली. "आते तू आमनी. आते ले साडी."

सेठ मधे पडायला आला, पण अर्ध्यावरच थांबला. असं कधी झालेलं मी ऐकलं नव्हतं, आणि मी न झालेलंही पुष्कळ ऐकलेलं आहे. रिंकूनं सासऱ्याकडे बघितलं, सुरतेच्या दिशेला बघितलं असेल नसेल, आणि तुकडा तोंडात टाकला. नीट चावून खाल्ला. पाणी प्यायली. मग पोपटी साडी उचलून कपाळाला लावली आणि गल्ल्यामागच्या कपाटात, स्वतःच्या पिशवीत ठेवली.

प्रमिलाबाईनं हात पुढं केला, पैशासाठी.

"घरातल्या घरात पैसे कसले, मावशी?" रिंकू म्हणाली.

प्रमिलाबाईचा हात तसाच राहिला. मग तिनं तो हळूहळू मागं घेतला आणि डब्याचं झाकण लावायला लागली. झाकण उलटं लावत होती.

संध्याकाळी सेठनं महावीरला फोन लावला. माल परत आला का, असं तो तिकडून विचारत होता. सेठ म्हणाला, आला होता, पण गेला. किती गेला? सगळा गेला, एक साडी राहिली, पण ती परत आलेली नाही, ती आपल्या घरातलीच आहे. पैसे? पैसे नाही दिले. मग विकली का? विकली होतीच की. महावीर पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागला.

"गल्ला जिना हातमा शे तिलेच इचार," सेठ त्याला म्हणाला, फोन रिंकूच्या हातात दिला आणि आत जाऊन झोपला.

आम्ही शेवटच्या एष्टीनं निघालो. लोणखेड्यापर्यंत प्रमिलाबाई खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, बाई, मी साडी परत केली, का दान केली, का पुतणसुनेला श्रावणाची साडी घेतली? मी तिला एक उत्तर दिलं, चांगलं लांबलचक. ती हो हो म्हणत होती. कळसाडीला उतरल्यावर तिनं पुन्हा तेच विचारलं, आणि मघाशी मी काय सांगितलं होतं ते मलाही आठवेना.