उजव्या कुशीतली लोकर

मित्रांनो, तबेल्याच्या भिंतीशी लाकडी घोडीवर ठेवलेले, सुरकुतल्या कातड्याचे एक जुने खोगीर दिसते ना, ते मी.

मला शिवले ते एका मुलीच्या मापाने. सगळे तिला चिमी म्हणत. तिचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता, त्यामुळे स्वारी करताना ती उजवीकडे कलायची. म्हणून माझ्या कारागिराने उजव्या कुशीत मूठभर लोकर जास्त भरली. दिसायला मी वाकडे, पण चिमी माझ्यावर अगदी मधोमध बसे. डाव्या पायाने घोड्याला जे सांगायचे, ते ती छडीच्या हलक्या स्पर्शाने सांगे. घोड्याला ती खूण कळायला दोन वर्षे लागली. किती गोड वर्षे होती ती! सकाळचे गार वारे, घोड्याचे फुरफुरणे आणि चिमीची अखंड बडबड.

मग दिव्यांग घोडेस्वारांच्या संघाची निवडचाचणी आली. चिमीचे बाबा सोफे-खुर्च्यांच्या गाद्या शिवत. दुकानामुळे त्यांनी लेकीची स्वारी कधी पाहिलीच नव्हती. आदल्या दिवशी त्यांनी मोठ्या हौसेने माझी उसवलेली शिवण घातली आणि फुगलेली बाजूही सारखी करून टाकली.

चाचणीच्या दिवशी सरावाच्या पहिल्याच वळणावर चिमी घसरली. घोडा गोंधळून थांबला. चाचणीला अर्धा तास उरला होता.

"बाबा, यातली लोकर कुठे गेली?"

"काढली की. एका बाजूला फुगलं होतं."

"अहो, ती माझ्यासाठीच होती! मी काय खुर्ची आहे? विचारायचं ना!"

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी गळ्यातला मफलर काढून कापला, माझी शिवण उसवली आणि ते एकेक तुकडा आत भरू लागले.

"आता सांग. एवढं पुरे?"

"अजून थोडं... अजून... बस्स! घाला टाका."

चिमी रिंगणात गेली. मान लववून तिने पंचांना अभिवादन केले आणि घोडा दोरी धरल्यासारखा सरळ चालला. तिची निवड झाली. बाबा मात्र टाळ्या वाजवायचे विसरून नुसते बघत राहिले.

पुढे आम्ही खूप मैदाने पाहिली. आता चिमीकडे नवे खोगीर आहे, आणि माझ्यावर धूळ साचते. मित्रांनो, अधूनमधून माझ्या कातड्याला तेलाचा हात लावा, एवढेच मागणे. आणि कुणाचे काही वाकडे दिसले, तर ते सरळ करण्याआधी त्यालाच विचारा.